मागे पडलेली शाळा आणि कौशल्य शिक्षण: महाराष्ट्रात कायदा काय देतो आणि तो वापरायचा कसा

शाळा व्यवस्थापन समितीवर नव्याने आलेले पालक, छोट्या शाळांचे मुख्याध्यापक आणि नववी-दहावीच्या मुलांचे आईवडील हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. पहिला भाग शाळा सुधारण्याचा आहे, दुसरा कौशल्य शिक्षणाचा. दोन्हींत कागद वेळेवर गेला की निम्मं काम होतं, आणि कागद कुठे जायला हवा हेच बहुतेकांना ठाऊक नसतं.

कमकुवत शाळा सुधारण्यासाठी राज्यात वेगळा कायदा आहे का?

एकच असा कायदा नाही. मुख्य आधार म्हणजे केंद्राचा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९, म्हणजे आपला आरटीई. तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्याखालचे महाराष्ट्राचे नियम २०११ चे आहेत. त्यावर शालेय शिक्षण विभागाचे शासन निर्णय येतात. पैसा मुख्यतः समग्र शिक्षा या २०१८ पासूनच्या योजनेतून येतो. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींसाठी १९७७ चा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली आहे, शुल्कासाठी २०११ चा. आरटीई पहिली ते आठवीपुरताच आहे. नववी-दहावीसाठी यातली बरीच कलमं लागू होत नाहीत, हे विसरून लिहिलेले अर्ज हमखास परत येतात.

अधिनियम, नियम, शासन निर्णय, परिपत्रक: यात वरचढ काय?

याच क्रमाने. शासन निर्णय अधिनियमाला किंवा नियमांना छेद देऊ शकत नाही, परिपत्रक शासन निर्णयाला छेद देऊ शकत नाही. कार्यालयात कुणी ‘वरून आदेश आहेत’ म्हणालं, तर आदेशाचा दिनांक आणि संकेतांक विचारा. शासनाच्या संकेतस्थळावरच्या प्रत्येक शासन निर्णयाला संकेतांक असतो आणि त्याचे पहिले आठ अंक वर्ष, महिना, दिवस असे असतात. संकेतांक हाती असला की निर्णय दोन मिनिटांत सापडतो. तो मिळत नसेल, तर बहुधा तो तोंडी निरोप असतो.

आमची शाळा खरंच मागे आहे का, हे ठरवायचं कसं?

राष्ट्रीय सर्वेक्षणावरून ठरवू नका. ४ डिसेंबर २०२४ ला झालेलं ‘परख’ सर्वेक्षण तिसरी, सहावी आणि नववीचं होतं. ते नमुना सर्वेक्षण असल्यामुळे चित्र जिल्ह्याचं दिसतं, तुमच्या शाळेचं नाही. नियतकालिक मूल्यांकन चाचणीचे, म्हणजे पॅटचे गुण शाळेत असतात, पण वर्गशिक्षकच घेतात आणि वर्गशिक्षकच तपासतात. त्यामुळे ते एकमेव पुरावा म्हणून धरू नयेत. शाळेनेच शाळेला प्रगत म्हणायचं ठरलं की काय होतं, हे २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ शासन निर्णयानंतर अनेक केंद्रांनी (शेजारच्या शाळांच्या गटांनी) पाहिलं आहे. फलक आधी लागले, वाचन मागाहून यायचं राहिलं.

त्यापेक्षा एक दुपार काढा. तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला एकेकटं बाजूला बसवून चार गोष्टी वाचायला द्या: सुटी अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची आठ-दहा ओळींची गोष्ट. परिच्छेदापासून सुरुवात करा. जमला तर गोष्ट द्या, अडला तर शब्दांवर या, तिथेही अडला तर अक्षरांवर. गणितात हातच्याची दोन अंकी वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार. एका मुलाला पाच ते सात मिनिटं लागतात.

चुका इथेच होतात. मजकूर पाठ्यपुस्तकातला घेतला तर मुलं पाठ म्हणतात. मागे बसलेला भाऊ कुजबुजतो. आणि सगळ्यात जास्त फसवणारं म्हणजे मूल बोट ठेवून अक्षर-अक्षर जोडत शेवटपर्यंत जातं, शिक्षक मान डोलावतात आणि ‘वाचतो’ अशी नोंद होते. ते वाचन नाही. वाक्य वाक्यासारखं म्हटलं आणि तीन-चारच चुका झाल्या, तर पुढची पायरी द्या.

चाचणी झाली. पुढे?

इयत्ता बाजूला ठेवून पातळीचे गट करा. रोज दीड-दोन तास अक्षर गट, शब्द गट, परिच्छेद गट असे बसवा. पाचवीतला मुलगा शब्द गटात तिसरीच्या मुलीशेजारी बसेल, आणि पालकांची पहिली कुरकुर त्यावरच येईल. ती आधीच समितीच्या बैठकीत बोलून घ्या. दर १० ते १५ दिवसांनी तीच चाचणी वेगळ्या मजकुरावर घेऊन मुलं हलवा. गट जून ते मार्च जसेच्या तसे राहिले, तर शब्द गटाचं नाव मुलांनीच ‘ढ गट’ ठेवलेलं असतं.

आम्हाला किती शिक्षक मिळायला हवेत?

पहिली ते पाचवीसाठी आरटीईच्या अनुसूचीतला हिशेब असा: ६० पर्यंत मुलं असली तर २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४, १२१ ते २०० ला ५. पट १५० च्या वर गेला की स्वतंत्र मुख्याध्यापक. सहावी ते आठवीत दर ३५ मुलांमागे एक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक. तिथे १०० च्या वर मुलं असली, तर पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण व कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक. ही शेवटची तरतूद बहुतेक शाळा मागतच नाहीत.

राज्य पदं मंजूर करतं ते संचमान्यतेने. तिचे निकष १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने बदलले आणि त्यावर बरेच वाद झाले. म्हणून अर्जात तिन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडा: अनुसूचीप्रमाणे किती, संचमान्यतेप्रमाणे किती, प्रत्यक्ष हजर किती.

पट मोजला जातो तो ३० सप्टेंबरचा, आणि तोही आधार पडताळणी झालेला. समजा तुमच्या शाळेत ९३ मुलं आहेत, म्हणजे अनुसूचीप्रमाणे चौथा शिक्षक. पाच मुलांच्या आधारवर नावाचं स्पेलिंग किंवा जन्मतारीख जनरल रजिस्टरशी, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीशी जुळत नाही. ती पडताळणीत अडकतात, पट ८८ धरला जातो आणि वर्षभरासाठी एक पद जातं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अडकलेल्या नावांची यादी काढा आणि समितीतल्या एका पालकाकडे ती द्या. मुख्याध्यापकांनी एकट्याने हे ओढायचं ठरवलं, तर ते सप्टेंबरअखेरपर्यंत पुरं होत नाही.

मंजूर पद आहे, पण जागा रिकामी आहे.

कलम २६ वाचा. शाळेतल्या रिक्त जागा मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून जास्त नसाव्यात, ही जबाबदारी नियुक्ती करणाऱ्या प्राधिकरणावर आहे. हिशेब शाळेचा आहे, तालुक्याच्या सरासरीचा नाही. चार पदांच्या शाळेत एक जागा रिकामी म्हणजे थेट २५ टक्के. ‘तालुक्यात सात टक्केच रिक्त आहेत’ या उत्तरावर गप्प बसू नका.

शिक्षक सारखे बाहेरच्या कामाला जातात. हे चालतं का?

कलम २७ प्रमाणे तीनच कामं चालतात: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कर्तव्यं. मतदार यादीचं काम सुट्टीच्या किंवा बिनशिकवणीच्या दिवशी द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितलं आहे. समितीने करायचं ते इतकंच: कोणता शिक्षक, कोणत्या तारखेला, कुणाच्या आदेशाने गेला याची वही ठेवायची. सहा महिन्यांच्या अशा वहीसमोर तोंडी तक्रारीची किंमत शून्य असते.

शाळा व्यवस्थापन समितीत कोण असतं आणि तिचे अधिकार खरे किती?

शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत ती सक्तीची आहे. ७५ टक्के सदस्य पालक, एकूण सदस्यांत ५० टक्के महिला. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. अध्यक्ष पालकांतून निवडायचा, मुख्याध्यापक सचिव असतात. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत समिती फक्त सल्लागार असते.

कायद्याने दिलेली कामं चार: शाळेच्या कामकाजावर देखरेख, विकास आराखडा तयार करणं, अनुदानाच्या विनियोगावर नजर, आणि शासन नेमून देईल ती इतर कामं. शिक्षकाची बदली किंवा निलंबन समितीच्या हातात नाही. गावोगावी पहिल्या बैठकीचा सूर हाच असतो की अमुक गुरुजींना हलवा, आणि त्यातच वर्ष निघून जातं.

इतिवृत्त आधी लिहून सह्यांसाठी घरोघर फिरवणं हा सर्रास प्रकार आहे. सदस्यांनी एक नियम पाळावा: बैठकीच्या जागी, बैठक संपतानाच सही.

विकास आराखडा कसा लिहायचा? आमच्याकडे तो गेल्या वर्षीचाच उतरवतात.

कलम २२ चा हा आराखडा तीन वर्षांचा असतो, त्यात तीन वार्षिक उपआराखडे. आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी तो तयार हवा, म्हणजे डिसेंबरअखेर. अध्यक्ष आणि सचिवांच्या सहीने तो स्थानिक प्राधिकरणाकडे जातो. कायद्याप्रमाणे पुढची अनुदानं आणि योजना या आराखड्यावर आधारलेल्या असायला हव्यात. म्हणून आराखड्यात नसलेली गोष्ट मागायला गेलं की ‘तुम्ही मागितलंच नव्हतं’ हे उत्तर तयार असतं.

चार भाग पुरतात. पुढच्या तीन वर्षांचा इयत्तावार अपेक्षित पट (अंगणवाडीतल्या पाच वर्षांच्या मुलांची यादी घ्या, अंदाज आपोआप नीट येतो). अनुसूचीच्या तुलनेत शिक्षकांची तूट. इमारतीची तूट. आणि या सगळ्याला लागणारा पैसा.

वाक्य कसं लिहिलं जातं यावर बरंच अवलंबून असतं. ‘स्वच्छतागृहाची दुरुस्ती आवश्यक’ हे वाक्य कुणीच वाचत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘मुलींचं स्वच्छतागृह १. दरवाज्याला आतून कडी नाही, टाकीपासूनची पाण्याची नळी ४ मीटर तुटलेली. पाचवी ते सातवीच्या ३१ मुली वापरतात. दुरुस्ती अंदाज सोबत जोडला आहे. फोटो २, दिनांक टाकलेले.’ अभियंत्याला शाळेत न येताही हे कळतं. तो येण्याची वाट पाहिली की पावसाळा येतो.

इमारतीच्या भागासाठी अनुसूचीच यादी म्हणून वापरा: प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुख्याध्यापकांची खोली (कार्यालय व भांडार धरून), अडथळाविरहित प्रवेश, मुलगे-मुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण. रॅम्प ‘आहे’ असं लिहिण्याआधी त्यावरून चाकाची खुर्ची खरंच चढते का ते पाहा. कित्येक रॅम्पच्या शेवटी चार इंचांची पायरी राहिलेली असते.

शाळेला वर्षाला किती अनुदान मिळतं?

समग्र शिक्षेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १,००० ला ७५,०००, त्यावर १,००,०००. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. पैसे शाळेच्या खात्यात पडून राहत नाहीत. खातं शून्य शिल्लक पद्धतीचं असतं आणि खर्चाची मर्यादा तेवढी मिळते. ती बरेचदा उशिरा येते आणि ३१ मार्चला जाते. डिसेंबरमध्येच दरपत्रकं मागवून समितीचा ठराव करून ठेवा, म्हणजे मर्यादा आली की आठवड्यात खर्च होतो. नाहीतर मार्चअखेर जे दुकानात असेल ते घेतलं जातं, आणि कपाटात आधीच असलेल्या नकाशांत आणखी तीन नकाशांची भर पडते.

तक्रार कुठे करायची?

मुलाच्या हक्काबाबतची तक्रार कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी करायची. ग्रामीण भागात ती जिल्हा परिषद, शहरात महानगरपालिका किंवा नगरपालिका. दोन्ही बाजूंना म्हणणं मांडू देऊन तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील.

अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तो नसेल तर तीन महिने मोजायला सुरुवातच होत नाही. एका अर्जात एकच विषय. शिक्षकाची रिक्त जागा, खिचडीचा दर्जा आणि कुंपण असं एकत्र लिहिलं, तर तीन टेबलांवर फिरून अर्ज चौथ्यावर झोपतो.

मुलं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्यांचं नाव कमी करावं का?

नाही. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी पत्रक द्या, म्हणजे कारखाना परिसरातली शाळा त्याला बसवून घेते. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम ५ मध्ये स्पष्ट आहे. गावात आजी-आजोबांकडे राहू शकणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव मात्र टोळ्या निघायच्या आधी जायला हवा. मुकादमाकडून निघण्याची तारीख सप्टेंबरमध्येच कळते, तेव्हाच यादी करा.

पट २० च्या खाली आहे. शाळा बंद होणार का?

२०२३ मध्ये पानशेत आणि तोरणमाळच्या धर्तीवर समूह शाळांचे, म्हणजे आसपासच्या कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचे प्रस्ताव मागवले गेले, तेव्हापासून ही भीती आहे. कायद्याची चौकट अशी: पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी. अंतर नकाशावर मोजू नका, मूल चालतं त्या वाटेने मोजा. मध्ये ओढा, महामार्ग किंवा घाट असेल, तर पावसाळ्यातला फोटो काढून ठेवा. ठराव ग्रामसभेचाही हवा, नुसता समितीचा कमी पडतो. बस देऊ असं आश्वासन मिळालं, तर तिचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यातून) आणि किती वर्षांसाठी, हे लेखी मागा.

पाचवी आणि आठवीत आता नापास करतात?

करू शकतात. केंद्राने २०१९ मध्ये कलम १६ बदललं, महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले आणि २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा सुरू झाली. पाचवीचा पेपर ५० गुणांचा, आठवीचा ६० चा. ३५ टक्के, म्हणजे अनुक्रमे १८ आणि २१ गुण हवेत. अनुत्तीर्ण मुलाला जादा मार्गदर्शन देऊन निकालापासून दोन महिन्यांत पुनर्परीक्षा. त्यातही राहिला तर त्याच वर्गात, पण शाळेतून काढता येत नाही. मे महिन्यातलं मार्गदर्शन कागदावरच उरतं, म्हणून हजेरीपत्रक मागून पाहा.

खासगी विनाअनुदानित शाळेत आम्ही काय करू शकतो?

तिथे शाळा व्यवस्थापन समिती लागू नाही. शुल्क अधिनियमाखालचा पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती हेच तुमचं साधन. अनुसूचीतली मानकं मात्र त्या शाळेलाही लागू आहेत, आणि ती न पाळल्यास मान्यता जाऊ शकते.

आता कौशल्य शिक्षण. शाळेत हे नेमकं काय शिकवतात?

समग्र शिक्षेखाली काही निवडक शाळांत नववी ते बारावीला व्यवसाय विषय असतो: किरकोळ विक्री, ऑटोमोटिव्ह, आरोग्यसेवा, माहिती तंत्रज्ञान, ब्यूटी अँड वेलनेस, पर्यटन, शेती, मल्टी स्किल वगैरे. चौकट २०१३ च्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याची. शिकवणारा बहुधा बाह्य प्रशिक्षण संस्थेने नेमलेला असतो. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवसांचा दप्तराविना काळही आहे. त्यात मुलं सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकतात. पुष्कळ शाळा त्याची सहल करतात.

हे सगळं काल-परवाचं नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेतून नई तालीम, म्हणजे गांधीजींची हाताच्या कामातून शिकवण्याची पद्धत आली. पाबळच्या विज्ञान आश्रमाने १९८३ पासून अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग करून आठवड्यातला एक पूर्ण दिवस हाताने काम करायची पद्धत बसवली. आजचा मल्टी स्किल अभ्यासक्रम त्याच वळणाचा आहे. आमच्या मते शाळेत सुरू करायला तोच सर्वांत बरा, कारण चौदा वर्षांच्या मुलाला एकाच धंद्यात बांधून घालण्यात अर्थ नाही.

हा विषय घेतला तर कोणता विषय सुटतो?

सहसा एखादी भाषा किंवा सामाजिक शास्त्रे. शाळेने कोणता पर्याय मंडळाकडे नोंदवला आहे हे नववीच्या जूनमध्येच लेखी विचारा. दहावीचा अर्ज भरताना हे कळलं तर बदल होत नाही, आणि पुढे संस्कृत किंवा हिंदी हवी असलेलं मूल अडकतं.

आमच्या शाळेत सुरू करायचं असेल तर?

प्रस्ताव जिल्ह्याच्या समग्र शिक्षा कार्यालयामार्फत राज्याच्या प्राथमिक शिक्षण परिषदेकडे आणि तिथून वार्षिक आराखड्यात केंद्राकडे जातो. म्हणजे आज मागितलं तर लवकरात लवकर पुढच्या वर्षी. विषय निवडताना भोवतालचा रोजगार मोजा: तालुक्याच्या गावात गॅरेजं किती, शीतगृहं किती, दवाखाने किती. पाच धंदेवाल्यांकडून ‘उद्योगभेट आणि प्रात्यक्षिकाला मुलं घेऊ’ असं पत्र आधीच घ्या.

खोलीआधी वीज बघा. सिंगल फेज वेल्डिंग मशीनला साधारण ५ किलोवॉट भार लागतो. शाळेचा मंजूर भार एक-दोन किलोवॉटचा असतो. मशीन येतं, पहिल्याच दिवशी फ्यूज उडतो, आणि नंतर दोन वर्षं त्यावर प्लास्टिकचं आवरण राहतं. भारवाढीचा अर्ज खरेदीच्या आधी गेला पाहिजे.

वर्ग खरोखर चालतो की नुसता कागदावर, हे पालकांनी कसं ओळखावं?

निकाल बघू नका, तो चांगलाच असतो. भांडारातली उपभोग्य साहित्याची नोंदवही मागा. यंत्रं एकदाच येतात, पण रॉड, पत्रा, वायर, करवतीची पाती, सिमेंट, बियाणं दर महिन्याला संपायला हवं. वीस मुलांचा गट, प्रत्येकाला वेल्डिंगच्या सरावाला किमान आठ-दहा रॉड, म्हणजे एका घटकाला दीडशे ते दोनशे रॉड गेले पाहिजेत. वर्षभरात एकच पुडा संपला असेल, तर सरांनी करून दाखवलं आणि मुलांनी उभं राहून पाहिलं.

मग प्रात्यक्षिकाची वही उघडा. सगळ्या वह्यांत आकृतीची मापं मिलिमीटरपर्यंत सारखी असतील, तर ती फळ्यावरून उतरवली आहेत. ज्याने खरंच लोखंडी अँगल कापून स्टूल केलं, त्याच्या वहीत ‘४५० ऐवजी ४४६ झालं’ असं काहीतरी असतं. करवतीच्या पात्याची जाडी रेघेच्या आत जाते, हे एकदा कापल्याशिवाय कळत नाही, आणि कापल्यावर कुणी विसरत नाही. मुलाला विचारा, तुझं स्टूल डगमगतं का, आणि का? चारही पाय एकदम पक्के वेल्ड केले की धातू आक्रसतो आणि एक पाय उचलला जातो. आधी चार ठिकाणी टाके मारून, गुण्याने काटकोन तपासून मग पक्कं करायचं. हे ज्या मुलाने सांगितलं, त्याचा वर्ग चालतो.

सगळ्यात मोठी अडचण प्रशिक्षकाची. संस्थेचा करार संपतो, नवी निविदा लांबते, मानधन अडकतं, आणि जून ते ऑगस्ट वर्गाला कुणीच नसतं. शाळेने या काळासाठी जवळच्या आयटीआयच्या निदेशकाशी किंवा कारागिराशी अतिथी व्याख्यानाच्या तरतुदीतून व्यवस्था ठेवावी.

सुरक्षिततेसाठी किमान काय हवं?

३० मिलिॲम्पिअरचा गळतीरोधक स्विच, तपासलेलं अर्थिंग, वेल्डिंगसाठी प्रत्येक कामकऱ्याला काळी काच आणि चामड्याचे हातमोजे, ड्रिलजवळ ओढणी आणि सैल बाह्यांना बंदी, मुदत न संपलेलं अग्निशामक. ड्रिलवर हातमोजे घालू नयेत. कापड बिटात अडकून हातच ओढला जातो. आणि बघणाऱ्या मुलांनाही काच हवी. डोळे आलेत म्हणून दुसऱ्या दिवशी घरी राहणारी मुलं बहुतेक वेळा वेल्डिंग ‘नुसतं बघत’ उभी असतात.

मुलाला प्रात्यक्षिकासाठी गॅरेजात किंवा कारखान्यात पाठवता येतं का?

१४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. १४ ते १८ या वयात धोकादायक व्यवसाय आणि प्रक्रिया वर्ज्य आहेत, हे २०१६ च्या दुरुस्तीपासून अधिक कडक झालं. म्हणून शाळेचं पत्र, पालकांची संमती, ठरलेले तास आणि सोबत प्रशिक्षक हे चारही हवेत. बिनपगारी मजूर म्हणून मुलं वापरली जातात तेव्हा यातलं एक तरी हमखास गायब असतं.

दहावीनंतर काय घ्यावं: आयटीआय, व्यावसायिक बारावी की द्विलक्षी?

तिन्हींचा उपयोग वेगळा आहे. लवकर कमवायचं असेल तर आयटीआय. फिटर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा, आणि वेल्डरला आठवी पासही चालतो. हजेरी ८० टक्के लागते, आणि पहिल्या वर्षी मुलं गळतात ती बहुतांशी इथेच, अभ्यासात नाही. बारावी विज्ञानच करायचं पण हाताला काम हवं, तर द्विलक्षी. २०० गुणांचा हा विषय द्वितीय भाषा आणि एका ऐच्छिक विषयाच्या जागी येतो. व्यावसायिक बारावी म्हणजे पूर्वीच्या किमान कौशल्य अभ्यासक्रमाची नवी आवृत्ती. कनिष्ठ महाविद्यालयाची प्रयोगशाळा पाहिल्याशिवाय ती घेऊ नका.

खासगी आयटीआयत प्रवेश घेताना नुसती ‘संस्था मान्यताप्राप्त’ ही पाटी पुरेशी नाही. त्या ट्रेडच्या त्या तुकडीला संलग्नता आहे का, ते पाहा. नसेल तर दोन वर्षांनी राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळत नाही.

आयटीआय केलं की शिक्षण संपलं, असं सगळे म्हणतात.

चूक. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे, व्यावसायिक बारावीलाही आहे. मात्र तिथलं गणित अवघड जातं. प्रवेश मिळाल्यावर त्रिकोणमिती आणि कलनाची उजळणी पहिल्या महिन्यातच केली नाही, तर विषय मागे राहतात.

दुसरी वाट शिकाऊ उमेदवारीची. १९६१ च्या अधिनियमाप्रमाणे ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. करार ऑनलाइन नोंदवलेला आणि विद्यावेतन बँकेत जमा होणारं असावं. ‘आधी सहा महिने बघू, मग करार करू’ म्हणणाऱ्या ठिकाणचे ते सहा महिने कुठेच धरले जात नाहीत.